फुली आणि टिंब : लालबागच्या एका पित्ताशयाचं प्रकरण

होळीनंतरच्या आठवड्यात या ताई माझ्या दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत तीन फाइली होत्या आणि मनात एक प्रश्न होता. वय ४४. लालबागच्या चाळीत दोन खोल्या, गल्लीच्या तोंडाशी स्वतःचं पोळी-भाजी केंद्र. पहाटे पाचला कणीक भिजते ती दुपारी दोनपर्यंत तवा खाली उतरत नाही. सोबत सासूबाई होत्या, वय ७१. दोघींच्या परवानगीने हे लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फाइली उघडायच्या आधीच त्यांनी प्रश्न टाकला. "मॅडम, आईंच्या पित्ताशयात बारा वर्षं खडा आहे. सुपारीएवढा. त्यांना एकदाही दुखलं नाही. माझे तुरीच्या डाळीएवढे, आणि मी रात्रभर गडाबडा लोळते. असं कसं?"

पित्ताशयात खडे निघालेले बहुतेक रुग्ण विचारतात, ऑपरेशन करायचं की नाही. या बाईंनी त्याच्या आधीचा प्रश्न विचारला होता, आणि तो सुटल्याशिवाय ऑपरेशनचं उत्तर नीट देता येत नाही. सगळ्यांचं लक्ष खड्यावर असतं. किती आहेत, केवढे आहेत, विरघळतील का. पण खडा हा निर्जीव दगड आहे, तो स्वतः दुखत नाही. दुखतं ते त्याच्याभोवतीच्या पिशवीला. त्या पिशवीला स्नायू असतो, आणि तो ढकलतो, हे रुग्णाला सहसा कुणी सांगतच नाही.

फाइलींतली हकीगत अशी. पाच महिन्यांत चार वेळा मोठं दुखणं आलं होतं, चारही वेळा रात्री. पहिल्या खेपेला घाम फुटला, छातीच्या खाली आवळून आलं. नवऱ्याला वाटलं हार्ट ॲटॅक. रात्री दीड वाजता टॅक्सी करून जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. ईसीजी निघाला, तो चांगला होता. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन पहाटे घरी पाठवलं. ईसीजी काढला हे अगदी योग्य झालं, तो काढायलाच हवा. पण पुढच्या दोन खेपांनाही त्याच इंजेक्शनवर भागवलं गेलं आणि पोटाची सोनोग्राफी कुणाला सुचली नाही, याची मला खंत आहे. चौथ्या खेपेनंतर ती झाली. पित्ताशयात ५ ते ८ मिलिमीटरचे अनेक खडे, भिंतीची जाडी २ मिलिमीटर, मुख्य पित्तनलिका ४ मिलिमीटर. म्हणजे सूज नाही, नळीत अडथळा नाही.

या उशिरात आपल्या भाषेचाही थोडा वाटा आहे. मराठी घरात "पित्त झालंय" म्हटलं की घशाशी येणारं आंबट पाणी, जळजळ, डोकेदुखी, उलटी असं सगळं त्यात येतं. ते जठरातलं आम्ल. पित्तरस ही वेगळीच गोष्ट आहे. तो यकृतात तयार होतो, हिरवट-पिवळा असतो आणि चरबी पचवायला लागतो. ताई पाच महिने सगळ्यांना "मला पित्ताचा त्रास होतोय" असंच सांगत होत्या. शब्द नेमका होता, अर्थ दुसराच घेतला गेला. कोकमाचं सरबत झालं, आवळासुपारी झाली, पांढरं पातळ औषध बाटल्यांनी पिऊन झालं.

खडे दिसल्यावर सल्ल्यांना सुमार राहिला नाही. शेजारच्या काकांनी पानफुटीची पानं आणून दिली, जवाचं पाणी प्यायला सांगितलं. मुतखड्यासाठी लोक हे करतात. पण पित्ताशयातून लघवी जात नाही, कितीही पाणी प्यालं तरी तिथला खडा वाहून जायला वाटच नाही. कुणी तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडायचा उपाय पाठवला होता. त्यात दुसऱ्या दिवशी शौचातून ज्या हिरव्या गोळ्या पडतात, त्या त्या तेलाच्याच साबणासारख्या गुठळ्या असतात. खडे जिथल्या तिथे राहतात.

मी फाइली बाजूला ठेवल्या आणि त्यांना म्हटलं, शेवटचं दुखणं मला पहिल्या मिनिटापासून सांगा.

त्यांनी उजव्या हाताचा तळवा छातीच्या खाली, बरगड्या जिथे दुभंगतात तिथे सपाट ठेवला. मग डावा हात पाठीमागे नेऊन अंगठा उजव्या फऱ्याच्या खालच्या टोकाला टेकवायचा प्रयत्न केला. हात पुरेना, तेव्हा सासूबाईंनी स्वतःचं बोट तिथे ठेवलं. "इथं. इथं मी रात्रभर दाबून धरते." पंधरावीस मिनिटांत दुखणं चढत जातं, मग एका पातळीला येऊन थांबतं आणि तिथेच राहतं, दोन-अडीच तास. येऊन-जाऊन कळ मारत नाही. उलटी होते, पण उलटीने हलकं वाटत नाही. कूस बदलून, उठून बसून, शौचाला जाऊन, ढेकर देऊन काही फरक नाही. आणि मग अचानक, कुणी मूठ सोडावी तसं, जातं. सकाळी त्या तव्यापाशी उभ्या.

पित्ताशयाच्या दुखण्याचं याहून स्वच्छ वर्णन सापडणं कठीण. पुस्तकात याला पित्तशूळ म्हणतात आणि शूळ म्हटलं की येणारी-जाणारी कळ डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात हे दुखणं एकसलग असतं. जगभरचे पोटविकारतज्ज्ञ वापरतात त्या रोम निकषांतही हेच आहे : पोटाच्या वरच्या मध्यभागी किंवा उजवीकडे, चढत जाऊन स्थिर होणारं, किमान अर्धा तास टिकणारं, रोज न येता अधूनमधून येणारं, हातातलं काम सोडायला लावणारं, आणि शौच, कूस किंवा आम्लाच्या औषधाने फारसं न हलणारं. झोपेतून उठवणं आणि उजव्या फऱ्याकडे जाणं ही जोडीची लक्षणं.

पण बोलता बोलता दुसरं एक दुखणं बाहेर आलं. सकाळच्या तिसऱ्या चहानंतर पोट फुगतं, बेंबीच्या वर जडपणा येतो, ढेकर आला की बरं वाटतं. हे जवळपास रोज, चार-पाच वर्षांपासून. त्यांच्या हिशेबी सगळं एकच होतं. "खडेच करतात ना हे सगळं?"

मला तिथे थांबावंसं वाटलं. ऑपरेशननंतर जे रुग्ण "खडे काढले तरी दुखतंच" म्हणत परत येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट इथेच चुकलेली असते. त्यांना दोन दुखणी असतात आणि आधी कुणी ती वेगळी केलेली नसतात.

ऑपरेशन लगेच होणारही नव्हतं. पालिकेच्या रुग्णालयात नंबर लावला तर अडीच महिन्यांनंतरची तारीख होती, आणि लग्नसराईच्या ऑर्डरी सोडून खासगीत जायची त्यांची तयारी नव्हती. मी धोक्याच्या खुणा सांगितल्या, केस पेपरावर मोठ्या अक्षरात लिहूनही दिल्या : दुखणं सहा तासांहून जास्त टिकलं, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, किंवा दुखणं पट्ट्यासारखं पाठीत जाऊन उलट्या थांबेनात, तर तारखेची वाट न बघता थेट रुग्णालय. आणि एक काम दिलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर, जिथे त्या दुधाचा हिशेब लिहितात तिथेच, मोठ्या दुखण्याला फुली आणि रोजच्या जडपणाला टिंब. फुलीच्या शेजारी वेळ आणि आदल्या सहा तासांत काय खाल्लं ते.

पित्ताशयाचा स्नायू

आता त्यांच्या प्रश्नाकडे. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतं. आपण खात नसतो तेव्हा त्यातला बराचसा पित्ताशयात साठतो. ही पिशवी लहान असते, ३० ते ५० मिलिलिटरची. एवढ्याशा जागेत भागावं म्हणून ती त्यातलं पाणी शोषून घेते आणि रस पाच ते दहा पट दाट करते. जेवणातली चरबी आणि प्रथिनं लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की तिथल्या पेशी रक्तात एक संप्रेरक सोडतात, कोलेसिस्टोकायनिन. नावाचा अर्थच पित्ताशय हलवणारं. १९२८ साली आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी ते दाखवून दिलं. त्याच्या निरोपावर पित्ताशयाची भिंत आवळते, आणि त्याच वेळी पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला झडपेसारखा स्नायू सैल पडतो. या झडपेला ओडीचं नाव आहे. रुगेरो ओडीने १८८७ मध्ये तिचं वर्णन केलं तेव्हा तो इटलीत वैद्यकीचा विद्यार्थी होता. एक आवळतो, दुसरा सैल होतो, रस आतड्यात उतरतो. दोन जेवणांच्या मधेही पित्ताशय थोडंथोडं रिकामं होत राहतं. ते कधीच पूर्ण स्वस्थ नसतं.

खडे मुळात होतात कसे, यातही हा स्नायू आहे. पित्तरसात कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर झालं की त्याचे स्फटिक धरू लागतात. पण पिशवी वेळच्या वेळी नीट रिकामी होत असेल तर ते मोठे व्हायच्या आत धुऊन जातात. अडचण अशी की तेच जादा कोलेस्टेरॉल पिशवीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींच्या आवरणातही शिरतं. मग कोलेसिस्टोकायनिन दार वाजवतं, पण आतला प्रतिसाद मंदावतो. पिशवी अर्धवट रिकामी होते, तळाशी दाट चिकट गाळ राहतो, त्यात खडे धरतात. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे हा स्नायू सैलावतो. लांबलेल्या उपासात त्याला आवळायचा निरोपच मिळत नाही. झपाट्याने वजन उतरतं तेव्हा अंगातल्या चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात येतं आणि खाणं कमी असल्याने पिशवीही हलत नाही, म्हणजे दोन्हीकडून मार.

ताईंना विचारलं तर दोन बाळंतपणं होतीच. शिवाय दीड वर्षापूर्वी भाचीच्या लग्नासाठी दहा आठवड्यांत सोळा किलो वजन उतरवलं होतं, सकाळ-संध्याकाळ काकडी आणि ताकावर. साडी छान बसली, सगळ्यांनी कौतुक केलं. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरलं की खड्यांचा धोका ठळकपणे वाढतो, हे तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं. त्या वर्षी त्या माझ्याकडेही खोकल्यासाठी येऊन गेल्या होत्या. वजन उतरलेलं मी पाहिलं आणि विचारलं नाही.

दुखणं मात्र वेगळ्या वेळी येतं. तळाशी पडलेला खडा दुखवत नाही. पिशवी आवळली आणि एखादा खडा तिच्या निमुळत्या मानेत जाऊन बसला की वाट बंद होते. स्नायूला ते कळत नाही, संप्रेरकाचा निरोप चालूच असतो, तो ढकलत राहतो. आतला दाब वाढतो, भिंत ताणली जाते, ताणलेल्या भिंतीतून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांनी आत आणखी पाणी सुटतं, दाब आणखी चढतो. ताण ओळखणारे मज्जातंतू हा निरोप पाठीच्या कण्याकडे नेतात. जठराकडून येणारा निरोपही साधारण त्याच वाटेने जातो, म्हणून मेंदूला आधी उजवी बाजू कळत नाही, "वर, मध्यभागी" एवढंच कळतं. खडा मागे सरकला की दाब सुटतो. तीच ती मूठ सोडल्याची भावना. सरकला नाही तर सूज चढते, दुखणं उजव्या बरगडीखाली नेमकं होतं, ताप येतो, आणि तो वेगळा आजार झाला.

मी हे कागदावर चित्र काढून सांगत होते. ताई म्हणाल्या, "म्हणजे सोऱ्यात गुठळी अडकल्यासारखं. चकती बंद झाली तरी आपण दाबतोच, आणि दुखतात ते आपले हात." याहून चांगली उपमा मला आजवर सुचलेली नाही. हल्ली प्रत्येक रुग्णाला सोऱ्याच सांगते.

दवाखान्याबाहेरचा वडा

ऑपरेशनच्या तयारीसाठी पुन्हा एक सोनोग्राफी हवी होती, उपाशीपोटी. मे महिन्यातली सकाळ होती. आदल्या रात्री नऊनंतर काही खाल्लं नव्हतं आणि सोनोग्राफी केंद्रात रांग उरकेपर्यंत अकरा वाजले. सासूबाईही उपाशी आल्या होत्या. त्यांचीही बऱ्याच वर्षांत तपासणी नव्हती. सोनोग्राफीचे डॉक्टर माझे जुने परिचित, हौशीने मोजमाप करणारे. सुनेच्या पित्ताशयाचं आकारमान निघालं ३८ मिलिलिटर. सासूबाईंचं ५२, आत एकच १९ मिलिमीटरचा खडा. रिपोर्ट टाइप होईपर्यंत दोघींनी कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन-दोन बटाटेवडे आणि चहा घेतला.

वीस मिनिटांनी ताई परत आल्या त्या भिंतीला धरून. कपाळावर घाम, ओठ आवळलेले. तळवा पुन्हा त्याच जागी सपाट. "डॉक्टर, आलं. हेच ते." त्यांना लगेच टेबलावर घेतलं आणि प्रोब ठेवला. नंतर डॉक्टरांनी मला फोन करून जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलं आहे : "पिशवी ३८ वरून २७ वर आली आणि तिथेच अडली. दहा मिनिटांनी पाहिलं, २७च. कातडी ओढलेल्या ढोलकीसारखी ताठ. मानेत एक खडा, कूस बदलायला लावली तरी हलत नाही. बाकीचे खडे तळाशी लोळतायत." चरबी आतड्यात पोचली होती, स्नायूला निरोप मिळाला होता, तो जोर लावत होता, आणि दार बंद होतं.

तिथेच डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं. या दुखण्यात पेटके सोडवणाऱ्या औषधापेक्षा या वर्गातली औषधं जास्त उपयोगी पडतात, कारण ती प्रोस्टाग्लँडिनच अडवतात, आणि दुखणं पुढे सुजेत जाण्याची शक्यताही कमी करतात. किडनीचा आजार किंवा जठरात व्रण असेल तर ती देता येत नाहीत, म्हणून घरातल्या डब्यातून परस्पर घेऊ नयेत. चाळीस मिनिटांनी दुखणं उतरलं. प्रोब ठेवून पाहिलं तर मान मोकळी होती.

सासूबाई शेजारच्या खुर्चीवर सुनेची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वडे त्यांनीही तेच खाल्ले होते. डॉक्टर म्हणाले, "आजी, या जरा तुम्हीपण." ५२ मिलिलिटरचं ४४ झालं होतं. एवढ्या वेळात सहावा हिस्साही रिकामा झाला नव्हता, आणि तो सुपारीएवढा खडा तळाशी जिथे सकाळी होता तिथेच होता. मानेच्या मानाने तो इतका मोठा की आत शिरणंही अवघड, आणि त्याला तिथवर नेईल असा जोर त्या भिंतीत उरलेला नाही.

एका घरातल्या दोन बायकांचे आकडे म्हणजे नियम नव्हे. खडे असलेल्यांत बहुधा पिशवी मोठी आणि आवळणं मंद असतं, दुखणाऱ्यांतसुद्धा. दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या पित्ताशयांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळतात. स्वादुपिंडाच्या सुजेबाबत मात्र चित्र अधिक स्पष्ट आहे. २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की बारीक खडे आणि शाबूत आकुंचनशक्ती ही जोडी अशी सूज येणाऱ्यांत जास्त आढळते. बारीक खडा मानेतून निसटून पुढच्या नळीत जाऊ शकतो, जिच्या तोंडाशी स्वादुपिंडाची नळीही उघडते. म्हणूनच "खडे बारीक आहेत, काही होत नाही" हे वाक्य मला आवडत नाही. ताईंना ते दोघांनी ऐकवलं होतं.

अडीच महिन्यांनी कालनिर्णयाची पानं माझ्या टेबलावर आली. टिंबं जवळपास रोज, रविवार सोडून. रविवारी केंद्र बंद असतं. फुल्या चार. एक त्या वड्याची, दुपारची. उरलेल्या तिन्ही मध्यरात्रीनंतरच्या. त्यातल्या दोन संकष्टीच्या रात्री होत्या.

हे आम्हा दोघींनाही आधी सुचलं नव्हतं. त्या कडक संकष्टी करतात, दिवसभर नुसता चहा. चंद्रोदय नऊ-साडेनऊला, मग आरती, नैवेद्य, तूप घातलेले मोदक, वरण-भात, भाजी. म्हणजे चोवीस तास पिशवी भरत आणि दाटत राहते, आणि मग रात्री दहाला तिला एकदम जोरात आवळायचा निरोप जातो. एक ते दीडच्या दरम्यान फुली. तिसरी रात्रीची फुली अगदी साध्या दिवसाची होती, जेवणात मऊ भात आणि मेतकूट. आणि तिसऱ्या संकष्टीला काहीच झालं नाही. खडा मानेत बसणं हा योगायोगाचाच भाग आहे, जेवण फक्त पिशवीला हलवतं. मी त्यांना उपास सोडा म्हणाले नाही. ऑपरेशन होईपर्यंत दर चार तासांनी थोडं दूध, फळं, आणि रात्री पारण्याला निम्मं ताट, एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "दूध-फळं चालतातच की. मीच हट्टाने घेत नव्हते."

पानं पाहून ऑपरेशनचा निर्णय पक्का झाला. फुल्या निखळ पित्ताशयाच्या होत्या. एकदा असं दुखणं सुरू झालं की ते पुन्हा येतंच राहण्याचा संभव मोठा असतो, आणि खडे बारीक होते. विरघळवण्याच्या गोळ्यांचा विचार त्यांनी विचारला म्हणून केला. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडने काही खडे विरघळतात, पण ते लहान, चुना न धरलेले हवेत, पिशवी चालती हवी, गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर पाच वर्षांत साधारण निम्म्या जणांना खडे परत होतात. दुखणं थांबवायला त्यांचा भरवसा नाही.

टिंबांबद्दल मी स्पष्ट बोलले. नेदरलँड्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पित्ताशयाचे खडे आणि पोटदुखी असलेले हजारावर रुग्ण होते. वर्षभरानंतर त्यांच्यातल्या दहांपैकी सुमारे चारांना पोटात अजूनही काही ना काही दुखत होतं, मग निकष लावून निवडक ऑपरेशन केलेलं असो की नेहमीच्या पद्धतीने. फुगणं, जडपणा, ढेकर, जळजळ हे पित्ताशयाबरोबर निघून जात नाही. केस पेपरावर मी लिहिलं : "फुल्या जातील अशी पुरेपूर अपेक्षा. टिंबं राहू शकतात." ताईंनी ते वाचून खाली सही केली. सही मी मागितली नव्हती.

सासूबाईंचं पित्ताशय काढायचं नाही असं ठरलं. धाकटा मुलगा आग्रह धरून होता, "आईचंही एकदम उरकून टाकू." अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या १२३ प्राध्यापक-कर्मचाऱ्यांचा १९८२ मध्ये छापून आलेला अभ्यास मी त्याला सांगितला. न दुखणारे खडे घेऊन जगणाऱ्या या मंडळींपैकी वीस वर्षांत फक्त १८ टक्क्यांना दुखणं सुरू झालं. खडा ३ सेंटिमीटरहून मोठा, भिंतीत चुना धरलेला, किंवा सोबत मोठा मांसांकुर असं काही असतं तर वेगळा विचार केला असता. तसं काही नव्हतं.

ऑपरेशन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झालं, दुर्बिणीने, चार छिद्रांतून, पन्नास मिनिटांत. ही पद्धत भारतात पहिल्यांदा झाली ती याच शहरात, १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहमटन उदवाडिया यांच्या हातून. त्याआधी हेच ऑपरेशन म्हणजे बरगडीखाली वीतभर छेद आणि महिनाभर घरी. ताई दुसऱ्या दिवशी घरी आल्या आणि बाराव्या दिवशी तव्यापाशी बसल्या, खुर्ची घेऊन.

रुग्णालयाने खडे छोट्या बाटलीत घालून दिले होते. त्या ती घेऊन माझ्याकडे आल्या. अकरा खडे, पिवळट-तपकिरी, एकमेकांना घासून पैलू पडलेले. एक मात्र गोल आणि गुळगुळीत. "हाच असेल ना मानेतला?" मला खात्रीने सांगता येणार नव्हतं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मला अधिक बोलका वाटला : जुनाट सूज, स्नायूचा थर जाड झालेला, आणि आतलं अस्तर त्या थरात ठिकठिकाणी पिशव्यांसारखं घुसलेलं. बंद दारावर जोर लावत राहिलेल्या पिशवीत असं दिसतं. पाच महिने "ॲसिडिटी" ऐकून घेतलेल्या बाईंना मी तो कागद ओळीओळीने वाचून दाखवला. त्यांनी तो घडी करून ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवला.

पहिले तीन आठवडे जेवण झालं की लगेच शौचाला जावं लागे. पित्त आता साठत नाही, थेट आतड्यात ठिबकत राहतं, आतड्याला सवय व्हायला वेळ लागतो. ते आपोआप कमी झालं. टिंबांवर वेगळं काम सुरू केलं. सकाळी रिकाम्या पोटी होणारे चार चहा दोनवर आणले, पहिल्या चहाबरोबर एक पोळी, आणि दुपारचं जेवण चारऐवजी एकला. हे शेवटचं सर्वांत अवघड गेलं, कारण एकला गिऱ्हाईक सर्वांत जास्त असतं. आता सूनबाई एकला उठतात आणि तेवढा अर्धा तास सासूबाई गल्ल्यावर बसतात. टिंबं आठवड्याला दोन-तीनवर आली आहेत. गेलेली नाहीत.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या संकष्टीला त्यांनी मोदक केले आणि जेवून झाल्यावर दोन वाजेपर्यंत जाग्याच राहिल्या, वाट बघत. बाहेर पाऊस होता. मला त्यांचा निरोप आला तो पहाटे पावणेपाचला, कणीक भिजवायला घेण्याच्या आधी : "मॅडम, काल फुली नाही. दोन मोदक खाल्ले. टिंब आहे, पण लहान."